रोग गेला, रोगी राहिला

गेल्या वैशाखांत सायखेड्यास एका लग्नाच्या पंगतींत घडलेली गोष्ट आहे. पानें मांडलीं गेलीं, वाढप सुरू झालें, आणि यजमानांनीं आमच्या शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हाताला धरून पंगतींत बसविण्याचा आग्रह केला. सारी आळी या गृहस्थांना दादा म्हणते. दादांनीं हात जोडले, पोट बरें नाहीं असें कसेंबसें सांगितलें, आणि खांद्यावरच्या उपरण्याचें टोंक तोंडाशीं धरून ते मांडवाबाहेर निघून गेले. त्यांच्या पोटाला कांहीं झालेलें नव्हतें. त्यांचें तोंड उघडत नव्हतें. वरच्या व खालच्या दांतांमध्यें एक बोट शिरावें एवढीच काय ती फट. घास घ्यावयाचा तर तो बोटानें आंत लोटावा लागतो, आणि त्यांतला अर्धा ओठांतून बाहेर येतो. चारचौघांत हें दिसूं नये म्हणून त्यांनीं आधीं पंगत सोडली, मग पारावर बसणें सोडलें, आणि आतां कांद्याच्या लिलावाला जाणेंहि सोडलें आहे.

दादांना गालाचा कर्करोग झाला होता. तो तंबाखूनें झाला हें तेहि जाणतात आणि आम्हीहि जाणतों. त्याबद्दलचा उपदेश त्यांना साऱ्या गांवानें करून झाला आहे, त्याची पुनरुक्ति येथें करण्याचा आमचा विचार नाहीं. एका मोठ्या रुग्णालयांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली; मग सहा आठवडे किरणोपचार, ज्यांस आमच्याकडचीं माणसें 'शेक' म्हणतात, तेहि झाले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, उपचारांत कसूर झाली नाहीं, आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवाच्या सरकारी योजनेमुळें खर्चाचा मोठा भार हलका झाला. शेवटीं एके दिवशीं हातांत कागद देऊन, "आतां रोग नाहीं, तीन महिन्यांनीं दाखवावयास या," असें त्यांना सांगण्यांत आलें. घरीं पेढे वांटले गेले. त्यानंतरच्या चार-सहा महिन्यांत जबडा हळूहळू आवळत गेला.

शेकानें पोळलेले स्नायू कालांतरानें आंखडतात व घट्ट होतात, ही गोष्ट वैद्यकास नवी नाहीं. त्यावरचा उपायहि नवा नाहीं. जबड्याचा व्यायाम पहिल्यापासून, दिवसांतून अनेक वेळां, चिकाटीनें केला तर तोंड बऱ्याच अंशीं उघडें राखतां येतें. त्यास लागणारें साधन म्हणजे आइस्क्रीमच्या लांकडी काड्या. दांतांमध्यें मावतील तितक्या एकावर एक ठेवावयाच्या, आणि कांहीं दिवसांनीं त्यांत एक वाढवावयाची, एवढाच तो प्रयोग. हें दादांना कोणी सांगितलेंच नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. कदाचित् त्या कागदाच्या मागच्या बाजूस तें छापलेलेंहि असेल. परंतु आठवड्यानें येऊन कोणी काड्या मोजल्या नाहींत. दुखतें म्हणून दादांनीं व्यायाम सोडला, तेव्हां दुखणें थांबविण्याचें औषध देऊन तो पुन्हां कोणी सुरू करविला नाहीं. लाखो रुपये खर्चून वांचविलेलें तोंड मूठभर काड्यांवांचून मिटलें.

आमचें म्हणणें असें आहे कीं, रोग काढून टाकणें हें वैद्यकाचें अर्धें काम होय. रोगानें आणि उपचारानें जें मागें ठेविलें असेल, मग ती वेदना असो, सूज असो, हातापायांचा बधिरपणा असो, कोरडें तोंड, न संपणारा थकवा, पुन्हां रोग उलटण्याची धास्ती किंवा सावकाराचें देणें असो, त्याची काळजी वाहणें हें उरलेलें अर्धें काम आहे. तें उपचाराचाच भाग म्हणून, रोग्याच्या हक्काचें म्हणून, आणि त्याच्या गांवांत झालें पाहिजे. आज तें बहुतेक ठिकाणीं दैवावर आणि घरच्या बायकांवर सोंपविलेलें आहे.

मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारलेल्या लेडी मेहेरबाई टाटा यांच्या स्मृतीशीं त्याचा उगम जोडलेला आहे. त्या काळीं कर्करोग झाला म्हणजे माणूस गेला असेंच समजण्याचा प्रघात होता, आणि त्यास कारणहि होतें. वांचावें कसें हाच तेव्हां एकमेव प्रश्न होता. आज तो एकमेव राहिलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत सुमारे १४ लाख लोकांना नव्यानें कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्यानें दगावले. हे दोन आंकडे वर्तमानपत्रें मोठ्या अक्षरांत छापतात. त्याच अंदाजांतला तिसरा आंकडा मात्र क्वचितच कोणाच्या डोळ्यांसमोर येतो: मागील पांच वर्षांत निदान झालेले आणि अद्याप हयात असलेले लोक ३२ लाखांहून अधिक आहेत. पांच वर्षांपूर्वींचे रोगी यांत धरलेले नाहींत. हीं माणसें आहेत कोठें? रुग्णालयाच्या खाटांवर तीं मावणार नाहींत. तीं घरोघर आहेत. सायखेड्याच्या आळींत आहेत, पुलापलीकडे चांदोरींत आहेत, निफाड तालुक्याच्या मळ्यामळ्यांवर आहेत. लहानपणीं कर्करोग होऊन बरे झालेल्यांवर पुढेंहि देखरेख राहावी म्हणून टाटा रुग्णालयानें १९९१ सालींच निराळा दवाखाना सुरू केला. तत्त्व मान्य होऊन तीस वर्षांवर काळ लोटला आहे. परंतु परळास मान्य झालेलें तत्त्व गोदेच्या कांठीं पोंचत नाहीं, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

दुसरें एक उदाहरण घेऊं. आमच्याकडे द्राक्षांच्या बागेंत रोजानें जाणाऱ्या एका बाईंच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. काखेंतल्या गांठीहि काढाव्या लागल्या. वर्षाच्या आंत त्यांच्या त्या बाजूच्या हातावर सूज चढूं लागली. त्यांना सल्ला मिळाला तो असा: "जड काम करूं नका." सल्ला देणाऱ्याच्या घरीं धुणेंभांडीं करण्यास बाई येत असेल; हिच्या घरीं ती स्वतःच बाई आहे. मांडवावरच्या द्राक्षघडांची विरळणी दिवसभर हात वर धरून करावयाची असते. जिचें पोट त्या हातांवर आहे तिला काम करूं नका असें सांगणें म्हणजे चूल पेटवूं नका असें सांगण्यासारखें आहे. शिवाय हा सल्ला शास्त्रास धरूनहि नाहीं. देखरेखीखालीं, बेताबेतानें वजन उचलण्याचा व्यायाम केल्यानें अशा स्त्रियांच्या हातांची सूज वाढत नाहीं, उलट त्रास कमी होऊन शक्ति वाढते, असें २००९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें आहे. त्या बाईंना पाहिजे होती ती हाताला घट्ट बसणारी बाही, शिकविलेला व्यायाम, कात्री लागून जखम झाली तर त्याच दिवशीं काय करावें याची माहिती, आणि मळेवाल्याशीं बोलून चार महिने बेताचें काम मिळवून देणारें एखादें भलें माणूस. यांतली एकहि वस्तु दुर्मिळ नाहीं.

आतां या आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, आधीं प्राण आणि मग आराम. जेथें पुष्कळांचें वेळेवर निदानहि होत नाहीं, तेथें बरे झालेल्यांचे चोंचले कोठून पुरवावयाचे? हा आक्षेप दिसण्यांत व्यवहारी आहे. पण प्राण आणि आराम हे एकमेकांचे वैरी आहेत हें त्यांत गृहीत धरलेलें आहे, आणि तेंच चूक आहे. २०१० सालीं बोस्टन येथील एका रुग्णालयाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रोग्यांचे दोन गट केले. एकास नेहमींचे उपचार दिले, आणि दुसऱ्यास त्यांबरोबरच पहिल्यापासून वेदना, श्वास, झोंप, मन यांची काळजी घेणारी उपशामक शुश्रूषा दिली. दुसऱ्या गटांतले रोगी अधिक सुखांत राहिले, त्यांच्यांत उदासी कमी दिसली, अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर जबर उपचारांचा मारा कमी झाला. आणि एवढें असून त्यांचा मध्यम जीवनकाल ८.९ महिन्यांऐवजीं ११.६ महिने भरला. २०१७ सालीं अमेरिकेंतच प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग याहून साधा आहे. आपल्याला काय काय होतें तें रोग्यांनीं दर आठवड्यास कळवावयाचें आणि परिचारिकेनें त्याची दखल घ्यावयाची, एवढेंच ७६६ रोग्यांपैकीं कांहींच्या बाबतींत करण्यांत आलें. त्यांचा मध्यम जीवनकाल २६ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर गेला. एखाद्या नव्या औषधानें पांच महिने आयुष्य वाढविलें असतें, तर त्याची किंमत लाखांत गेली असती आणि त्यासाठीं आम्हीं दागिने मोडले असते. येथें औषध म्हणजे "आज कसें वाटतें?" हा प्रश्न, आणि उत्तर ऐकून हालचाल करणारें माणूस.

दुसरा आक्षेप आम्हीं खेड्यापेक्षां सुशिक्षित घरांतूनच अधिक ऐकिला आहे, म्हणून त्याविषयीं थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. "आमची कुटुंबसंस्था अजून शाबूत आहे, परक्या माणसांनीं येऊन आमच्या रोग्याची सेवा करण्याची आम्हांस गरज नाहीं," असें अभिमानानें म्हटलें जातें. वाचकहो, या वाक्यांतला 'कुटुंब' हा शब्द जरा उकलून पाहा. रात्रीं दोन वाजतां नाकांतली नळी तुंबली म्हणजे उठते ती कोण? जखमेच्या पट्ट्या उकळते, भाकरी कुस्करून तिची पातळ पेज करते, रोग्याचा राग गिळते, आणि सकाळीं पुन्हां गोठ्यांत किंवा कचेरींत जाते ती कोण? ती कोणाची तरी पत्नी, सून किंवा शाळा सोडलेली मुलगी असते. कुटुंबाच्या नांवानें मिळणारें श्रेय सर्वांना वांटलें जातें, श्रम मात्र एकटीच्या वांट्यास येतात. तिच्या मायेविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण नळी कशी धुवावी, अंथरुणाला खिळलेल्याची कूस किती वेळानें बदलावी, कोणतें दुखणें साधें आणि कोणतें धोक्याचें, हें मायेनें कळत नाहीं. तें शिकवावें लागतें. तिला तें कोणीं शिकविलें? एक दिवस माहेरीं जाऊन झोंप घेण्याची सवड तिला कोणीं दिली? कुटुंबसंस्था शाबूत ठेवावयाची इच्छा असेल, तर जिच्या खांद्यावर ती उभी आहे तिला मदतनीस दिलाच पाहिजे.

तिसरा आक्षेप मॉर्फिनविषयींचा आहे. अफूचें औषध, त्यानें व्यसन लागेल, आणि मॉर्फिन दिलें म्हणजे शेवट जवळ आला, अशा समजुती घरोघर आहेत. त्या रोग्यालाच भोंवतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालींच कर्करोगाच्या वेदनांवर पायरीपायरीनें औषध चढविण्याची पद्धति घालून दिली, आणि तीव्र वेदनेच्या पायरीवर तोंडानें घेण्याच्या मॉर्फिनला जागा दिली. वैद्याच्या नजरेखालीं वेदनेपुरतें दिलेलें हें औषध रोग्याला व्यसनी बनवितें असें क्वचितच होतें. त्यानें हटकून होतें तें बद्धकोष्ठ, आणि त्यावर रेचक देतां येतें. शेजारच्या मध्यप्रदेशांत नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्यानें खसखशीचें पीक निघतें; जगाच्या वेदनाशामक औषधांना त्या अफूचा पुरवठा झाला आहे. त्या आमच्याच देशांत १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें असें जाळें विणलें कीं, दवाखान्यांनीं मॉर्फिन ठेवण्याचेंच सोडून दिलें. २०१४ सालीं कायदा दुरुस्त होऊन वाट मोकळी करण्यांत आली. कायदा सुधारला तरी भीति सुधारलेली नाहीं. आणि तालुक्याच्या गांवीं रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला कायद्याची दुरुस्ती ऐकून झोंप येत नाहीं.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, संवय आहे. आम्ही रोगाचें नांव घेत नाहीं. 'मोठा आजार' म्हणतों, आणि पुष्कळदां खुद्द रोग्यापासूनहि तें लपवितों. मग तो बरा झाला म्हणजे एकदम त्याला वीर ठरवून, त्यानें हिंमतीनें रोगावर मात केली असे गोडवे गातों. हिंमतीनेंच रोग बरा होत असेल तर जे गेले ते काय भित्रे होते? आणि ज्याला सभेंत वीर म्हणून हार घातला, त्यानें रात्रीं भीति वाटते असें कोणाजवळ बोलावें? नांव लपविणें आणि पोवाडा गाणें या दोन्ही रीतींनीं त्या माणसाची तक्रार करण्याची सोय आम्हीं काढून घेतली आहे.

तेव्हां करावयाचें काय? कांहीं नवें शोधून काढावें लागेल असें नाहीं. मुंबईस वांद्र्याला १९८६ पासून शांति आवेदना सदन आणि पुण्यास वारज्याला १९९७ पासून सिप्ला संस्थेचें उपशामक केंद्र, अशीं दोन वडील उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. केरळानें याहून पुढचें पाऊल टाकिलें. कालिकत येथें १९९३ सालीं कांहीं डॉक्टरांनीं काढलेल्या संस्थेपासून हें काम मलप्पुरम् जिल्ह्यांतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातीं गेलें. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी थोडें शिकून घेऊन परिचारिकेबरोबर घरोघर जाऊं लागले. २००८ सालीं तेथील सरकारनें त्यासाठीं धोरण ठरविलें आणि ग्रामपंचायतींनीं परिचारिका नेमल्या. आमच्या ग्रामपंचायती केरळाच्यापेक्षां गरीब आहेत हें कारण पुढें करण्याआधीं, द्राक्षें आणि कांदा पिकविणाऱ्या निफाड तालुक्यानें तरी थोडें थांबावें. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेंत गांवच्या आरोग्य केंद्रानें द्यावयाच्या बारा सेवांची यादी आहे, आणि उपशामक सेवा त्या यादींत आहे. आमची मागणी यादी वाढविण्याची नाहीं. यादींतलें रोग्याच्या दारीं आणण्याची आहे.

रुग्णालयांतून रोगी घरीं निघाला कीं, त्याचा कागद त्याच्या गांवच्या आरोग्य केंद्राकडेहि गेला पाहिजे, आणि तेथें अशा रोग्यांची वही असली पाहिजे. पहिलें वर्षभर आठवड्यास एकदां कोणीतरी शिकलेल्या माणसानें त्याची विचारपूस केली पाहिजे, घरीं जाऊन किंवा निदान दूरध्वनीवरून. हें काम आशाताईंवर सोंपवावयाचें असेल तर त्याचा वेगळा मोबदला व वेगळें शिक्षण द्यावें. त्यांच्या पाठीवर आणखी एक ओझें फुकट लादण्यास आमचा विरोध आहे. तालुक्याच्या गांवीं ठरलेल्या दिवशीं व्यायामोपचार करणारा, आणि दांतांचा जाणता वैद्य मिळावा. शेक घेतलेल्या जबड्यांतला दांत माहितीवांचून उपटला तर आंतलें हाड मरूं शकतें, ही गोष्ट दांत काढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असली पाहिजे. मॉर्फिन जिल्ह्यांत आणि तालुक्यांत मिळालें पाहिजे. महाराष्ट्राचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकासच आहे. हीं माणसें तयार करण्याचें शिक्षण दूर कोठें शोधावयास नको.

आणि या मासिकाच्या वाचकांना एक निराळी विनंति आहे. आम्ही सुशिक्षित लोक दान करतों तें बहुधा दगडाला करतों. इमारतीला, यंत्राला, खोलीला पैसे देतों, कारण तेथें वडिलांच्या नांवाची पाटी लागते. परिचारिकेच्या पगारावर पाटी लावतां येत नाहीं. दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवाच्या धर्मशाळेंत टाटा रुग्णालयाचे किती तरी रोगी व त्यांचे नातलग आसरा घेतात. त्यांच्या अंथरुणाची व जेवणाची सोय हा उपचारच आहे, हें ज्यांस कळलें त्यांनीं ती चालविली. परिचर्येचा धंदा हलका मानणाऱ्या समाजांत रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढून स्त्रियांना त्याच कामाचें शिक्षण देण्याची सोय केली. त्यांचे पुतळे व चरित्रें आम्हांस प्रिय आहेत. त्यांचें काम आम्हांस प्रिय असेल, तर एका गांवासाठीं एका परिचारिकेचा वर्षाचा पगार दहा घरांनीं मिळून द्यावा, एवढें त्याचें आजचें रूप आहे.

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्यें गोदेला महापूर येऊन सायखेड्याच्या बाजारपेठेंत पाणी शिरलें होतें. त्या वेळीं कोणाला सांगावें लागलें नाहीं. ज्याला पोहतां येत होतें तो पाण्यांत उतरला, ज्याचें घर उंचावर होतें त्यानें चूल पेटविली, आणि कोणाच्या घरांत म्हातारें माणूस अडकलें आहे हें साऱ्या आळीला तोंडपाठ होतें. पूर डोळ्यांना दिसतो. बंद दाराआड बसलेला माणूस दिसत नाहीं, म्हणून त्याची वही ठेवावी लागते.

दादांकडे गेल्या दोन महिन्यांपासून व्यायामोपचार शिकणारी एक मुलगी नाशकाहून आठवड्यानें येते. कोणीं पाठविली नाहीं, ओळखीनें येते. पहिल्या दिवशीं दांतांमध्यें सहा काड्या बसल्या होत्या, आतां नऊ बसतात. फार उशीर झाल्यामुळें याहून पुष्कळ उघडेल असें ती म्हणत नाहीं. ती पहिल्याच महिन्यांत आली असती तर गेल्या वैशाखांत दादा पंगतींत बसले असते. ती पहिल्या महिन्यांत यावी, आणि ओळखीवांचून यावी, एवढें आम्हांस पाहिजे आहे.